वेल्डिंग मारलेली खिडकी

११ फेब्रुवारी २००८, सोमवार. सोमवारी आमच्या भागात दिवसभर लाईट नसते, म्हणून गिरणीच्या दगडांना टाकी लावायचं काम मी सोमवारीच काढते. दळून दळून दगड गुळगुळीत होतात, मग पीठ जाडंभरडं पडायला लागतं. छिन्नी-हातोडी घेऊन दगडाच्या खाचा पुन्हा उठवाव्या लागतात. त्यासाठी माणूस बोलावता येतो, पण त्याची वाट बघत बसण्यापेक्षा मी ते फार पूर्वीच स्वतः शिकून घेतलं. त्या दिवशी वरचा दगड झाला होता. खालच्यावर छिन्नी टेकवली, एवढ्यात आमचे हे दारात येऊन उभे राहिले. चपला पायातच, गाडीची किल्ली हातात. म्हणाले, "मिल्या गेला." मी विचारलं, "कधी?" तर म्हणाले, "आत्ताच. चहा मागितला, आणि सुजाता चहा गाळून आणेपर्यंत..." मी छिन्नी खाली ठेवली, हात धुतले, शटर ओढलं आणि त्यांच्या मागे गाडीवर बसले. खालचा दगड तसाच राहिला.

मिलिंद माझा धाकटा दीर, सुजाता त्याची बायको. वेल्डर होता. पन्नाशीही गाठली नाही त्यानं. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सगळं गोडच लिहायची पद्धत आहे. मिलिंद होताच गोड, त्यात खोटं काही नाही. पण तो हट्टीही होता, आणि मी हे लिहायला बसले आहे ते त्या हट्टामुळे. त्याचं काम ज्यांच्या घरात कुणी करत असेल त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही तिघं कोल्हापुरात दोन खोल्यांत राहायचो. नेसरीजवळच्या गावातली कोरडवाहू जमीन दोन भावांना पुरणारी नव्हती, म्हणून माझा नवरा पाणीपुरवठ्यात नोकरीला लागला आणि मिलिंद उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी भाजीला बटाटे चिरत होते, तर हा आला, ताटलीतल्या चार चकत्या उचलल्या आणि डोळ्यांवर ठेवून भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, दिराची चेष्टा चाललीय. विचारलं, "भावजी, भाजी खायची का डोळ्यांना लावायची?" तर तसाच बसून म्हणाला, "वैनी, आज काच न धरता टाकं मारलं. डोळ्यात वाळू भरल्यागत झालंय. तुमी भाजी करा, चकत्या मागनं देतो." वेल्डिंगच्या झगझगाटापुढं धरायची काळी काच न घेता त्यानं जोड मारले होते. त्या रात्री भाजी कमी पडली. पुढे माझ्या लक्षात आलं की वेल्डिंगवाल्यांचं प्रत्येक दुखणं स्वयंपाकघरात येऊन बरं होतं, असं त्या सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. डोळे भाजले की बटाटा. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपांचं काम केलं की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायचा, तोंडाला गोडसर पत्र्याची चव यायची, त्यावर दूध. आणि छातीसाठी गूळ.

गुळाचं तर विचारायलाच नको. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही, आणि आमच्या गावाकडूनही ढेप यायची. कामावरून आला की हातपाय धुऊन आधी गुळाचा खडा तोंडात, मग चहा. "गूळ खाल्ला की छातीतली काजळी धुऊन निघतीया," हे त्याला त्याच्या मिस्त्रीनं सांगितलेलं, मिस्त्रीला त्याच्या मिस्त्रीनं. आम्हालाही ते पटलं होतं. चूल फुंकणाऱ्या बायकाही तेच म्हणायच्या. ढेप संपत आली की मीच गावाकडं निरोप धाडायचे. एखाद्या दिवशी खडा खायचा राहिला तर तो चुकल्यासारखं करायचा, जणू औषध बुडालं. सकाळी तोंड धुताना खाकरायचा ते काळं पडायचं. ते बघून तो खूश व्हायचा. म्हणायचा, "बघा, गुळानं काढलं की नाय भायेर!" आत किती राहिलं, याचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

गिरणी मी सुरू केली नव्वद सालाच्या आगेमागे. गिरणीची चौकट, पट्ट्याची जाळी, दळण ठेवायची मांडणी, सगळं मिलिंदनं केलं. तोवर त्याचं लग्न झालं होतं आणि तो पुढच्या गल्लीत राहायला गेला होता, पण सकाळी शेडवर जाताना गिरणीच्या दारात थांबून "जय भीम, वैनी" म्हटल्याशिवाय पुढे जायचा नाही. त्याची स्वतःची शेड चौऱ्याण्णव साली झाली. शेड म्हणजे वर पत्रे, एका बाजूला शटर, दुसऱ्या बाजूला खिडकी. खिडकी त्यानं स्वतः घडवलेली: लोखंडी चौकट, पत्र्याच्या दोन झडपा, आणि आडवी दांडी अशी, की एका बोटानं उघडावी. येणाऱ्याजाणाऱ्याला ती उघडून दाखवायचा.

मग एका हिवाळ्यात मला खोकला लागला. गिरणीत पीठ उडतंच. मी नाकाला ओला फडका बांधते, पण तरी खोकला जाईना. चारसहा दिवस मिलिंदनं दारातून तो ऐकला. एका सकाळी आत आला, दगडाच्या तोंडाशी वाकून बघितलं, टेप काढून मापं घेतली आणि निघून गेला. आठवड्याभरानं हातगाडीवरून एक पत्र्याचं धूड घेऊन आला. नरसाळं उलटं धरावं तसं तोंड, मागे जाड नळा, आणि नळ्याच्या टोकाला जुन्या कुलरचा पंखा, भिंतीला भोक पाडून बाहेर काढलेला. सगळं बसवून झाल्यावर म्हणाला, "वैनी, आता दळा." मी गिरणी चालू केली. पीठ उडालं आणि माझ्या तोंडाकडं यायच्या आधीच वळून त्या नरसाळ्यात गेलं. मी म्हटलं, "साधा पंखा लावला असता तर चाललं नसतं का?" त्यावर तो ज्या उत्साहानं बोलला तो मला अजून आठवतो. "साधा पंखा फुकतोय, वैनी. फुकलं की पीठ सगळीकडं उडतंय, दळण पण वाया जातंय. फुकायचं न्हाय, वडायचं. जवळनं वडायचं. तुमच्या छातीत पीठ जातंय म्हणून खोकताय तुमी." मी म्हटलं, "आणि तुमच्या छातीत काय जातंय?" तर हसला. "तुमच्या रुमालाला पांढरं, माझ्या रुमालाला काळं. दोघं बसून बुद्धिबळ खेळू की."

खोकला गेला. ते नरसाळं आजही माझ्या गिरणीत आहे.

मोठी चूक झाली ती त्यानंतर दोनतीन वर्षांनी. तोवर मिलिंद हातातल्या रॉडनं वेल्डिंग करायचा. मग त्यानं गॅसचं मशिन घेतलं. त्यात तार आपोआप पुढं सरकते आणि तिच्याभोवती गॅसचा झोत असतो, म्हणजे तापलेल्या लोखंडाला बाहेरची हवा लागत नाही. काम झटपट आणि देखणं होतं, आणि त्या जोरावर त्याला एका कारखान्याचं ट्रॉल्यांचं काम मिळालं. पण जरा वारा आला की गॅसचा झोत विस्कटतो आणि वेल्डिंगला बारीक भोकं पडतात. पहिलाच माल कारखान्यानं परत पाठवला. खिडकी पश्चिमेला, आणि पश्चिमेचा वारा आमच्याकडं कसा असतो ते सांगायला नको. त्यानं खिडकी बंद केली, तरी फटीतून वारा यायचा. पोती कोंबली, ती ठिणगीनं पेटली. मग एका दुपारी मी त्याचा डबा द्यायला गेले, कारण सुजाता माहेरी होती, तर हा खिडकीसमोर उभा, काच तोंडावर, आणि दोन्ही झडपा चौकटीला चारी बाजूंनी वेल्डिंग मारून टाकतोय. एका बोटानं उघडणारी खिडकी! काच खाली घेऊन माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "आता बघू वारा कुठनं येतोय." मी म्हटलं, "आणि धूर कुठनं जाणार?" शटरकडं हात केला. पण शटरही तो अर्धं खाली ओढूनच बसायचा. एखादा मिठाईवाला माश्या येऊ नयेत म्हणून दुकानाला जाळी लावतो, तेवढ्या सहजपणे त्यानं ती खिडकी कायमची बंद केली. माल परत यायचा थांबला. त्याला वाटलं, जिंकलो.

दोन-तीन वर्षं काहीच झालं नाही. म्हणजे आम्हाला दिसलं नाही. मग जिना चढून आला की बोलायच्या आधी थोडा थांबायला लागला. हसणं अर्ध्यात तोडून खोकायला लागला. गुळाचा खडा मोठा झाला, एवढंच. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कमान उभी राहते. ती दरवर्षी मिलिंदच करायचा, आणि सगळ्यात वरचा बोल्ट स्वतः चढून आवळायचा, दुसऱ्या कुणाला आवळू द्यायचा नाही. त्या वर्षी अर्ध्या शिडीवर गेला आणि तिथंच शिडीला मिठी मारून थांबला. खाली पोरांना वाटलं गंमत करतोय. कुणीतरी ओरडलं, "मिलिंददादा, तितनं भाषण करणार हाय काय?" तो सावकाश खाली उतरला, पाना माझ्या नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "अण्णा, तू जा वर. मला आज जमंना." बस्स, एवढंच. पण माझ्या नवऱ्यानं नंतर घरी येऊन जेवणच केलं नाही.

गल्लीतल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत दोन्ही बाजूंना ठिपके. टीबी म्हणाले. त्या काळात ठिपके दिसले की टीबीच म्हणत. सुजातानं ताटवाटी वेगळी केली, गोळ्यांचा पूर्ण कोर्स झाला, लघवी लाल, अंगात कडकी, आणि दम होता तसाच. कोर्स संपल्यावर फोटो पुन्हा काढला तर ठिपके जागच्या जागी. तेव्हा मी म्हटलं, आता पुरे, आणि त्याला घेऊन राजारामपुरीतल्या छातीच्या डॉक्टरांकडं गेले. मी गेले कारण सुजाता डॉक्टरसमोर रडायची आणि मिलिंद डॉक्टरसमोर खोटं बोलायचा.

त्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काम काय करता?" आतापर्यंत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मिलिंद म्हणाला, "वेल्डिंग." "कुठं, उघड्यावर?" "शेडमध्ये." "शेडला खिडक्या?" मी म्हटलं, "एक होती." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं, घाई न करता. लोखंड वितळतं तेव्हा त्याची वाफ होते, ती थंड होऊन इतके बारीक कण होतात की नाकाला, घशाला ते अडत नाहीत. थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. फोटोतले ठिपके म्हणजे काही अंशी ते लोखंडच. नुसतं लोखंड असतं तर एवढं बिघडलं नसतं, पण त्याबरोबर तारेतलं, मुलाम्यातलं, रंगातलं बाकीचंही जातं, आणि कोंडलेल्या जागेत रोज, वर्षानुवर्षं गेलं की आतल्या नळ्या सुजतात, फुफ्फुस कडक होत जातं. त्याला नळीत फुंकायला लावलं. फुंकर संपली तरी काटा हलला न हलल्यासारखा. "गेलेलं परत मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आज धूर थांबवला तर उरलेलं टिकेल. ते तुमच्या हातात आहे." मिलिंदनं शेवटचा वकील उभा केला. "साहेब, मी बिडी ओढत न्हाय. आणि गूळ खातो रोज." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "गूळ पोटात जातो, धूर छातीत. दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत."

बाहेर आल्यावर तो माझ्याबरोबर रिक्षात बसला. मग म्हणाला, "वैनी, मग एवढा गूळ गेला कुठं?" मी म्हटलं, "तुमच्या पोटाकडं बघा." दोघंही हसलो, आणि त्याला खोकला आला.

आता सरळ गोष्ट होती. दुसरं काम त्याला येत नव्हतं, मुलगी लग्नाची होती, शेड बंद करणं शक्य नव्हतं. पण धूर थांबवणं शक्य होतं, आणि तो कसा थांबवायचा हे त्याला माहीत होतं, कारण माझ्या गिरणीत त्यानं स्वतःच ते करून दाखवलं होतं. मी शेडवर गेले आणि म्हटलं, "भावजी, फुंकायचं नाही, ओढायचं. हे तुमचंच ना? जवळून ओढलं तर वेल्डिंग बिघडणार नाही." म्हणाला, "व्हय की." म्हटलं, "मग?" म्हणाला, "करतो की." आणि खरंच केलं. पत्रा आणला, कापला, माझ्या गिरणीतल्यापेक्षा मोठं आणि सुबक नरसाळं केलं, नळा केला, पंखासुद्धा आणला. मी स्वतः जाऊन बघून आले. बसवायचं तेवढं बाकी होतं.

त्या आठवड्यात एक खानावळवाला आला. त्याच्या स्वयंपाकघरात धूर मावत नव्हता, गिऱ्हाईकं डोळे चोळत जेवायची, त्याला चार दिवसांत धुराडं हवं होतं. मिलिंदनं त्याला आपलं तयार नरसाळं दाखवलं. "हे न्या. मी माझं दुसरं करतो." मी ऐकलं तेव्हा मला जो राग आला तो मी लपवला नाही. भर रस्त्यात म्हटलं, "तुमच्या फुफ्फुसात भाकरी भाजतात का? त्या खानावळीला चार दिवस धूर चालला नसता?" तर खाली बघून म्हणाला, "त्याची बायको तितं उभी ऱ्हाऊन सैपाक करतीया, वैनी. खोकत हुती." सुजाता म्हणाली, "दुसऱ्यांच्या बायकांच्या छातीची काळजी लई." तो हसला. आणि दुसरं नरसाळं... करतो की, करतो की, याच्यातच राहिलं. ट्रॉल्यांची घाई, मग मुलीचं लग्न. ती मलकापूरला दिली. मग त्याला पत्रा उचलायचा म्हटलं तरी धाप लागायला लागली. स्वतःसाठी बसून काही करायचं ही गोष्टच त्याच्या हाताला ठाऊक नव्हती. गिऱ्हाईक दारात उभं असल्याशिवाय त्याचं मशिन चालू व्हायचं नाही, आणि स्वतःच्या दारात तो स्वतः गिऱ्हाईक म्हणून कधी उभा राहिला नाही.

शेवटची दोन वर्षं शेड बंदच होती. घरी बसून कंटाळायचा, म्हणून सकाळी रिक्षानं गिरणीत यायचा आणि स्टुलावर बसून दळणं तोलायचा. बायका त्याच्याशी बोलायला थांबायच्या. एक म्हातारी रोज म्हणायची, "मिलिंदा, वजनात मारू नगंस." हा म्हणायचा, "आज्जे, मला जिना चढवत न्हाय, वजनात मारून पळू कुठं?" नरसाळ्याच्या पंख्याचा आवाज जरा बदलला तरी त्याला कळायचं, तेलाची कुपी मागून घ्यायचा आणि मला चढायला लावून, खालून सांगून, तेल घालून घ्यायचा. वर उभी राहून मी म्हणायचे, "जन्मभर तुम्ही चढलात, आता मला चढवता होय?" तर म्हणायचा, "मग काय, वैनी. कर्जफेड."

नंतर घरीच ऑक्सिजन सुरू झाला. हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं मशिन मिळत होतं, पण लोडशेडिंगच्या दिवसांत त्याचा उपयोग काय? म्हणून सिलिंडर. सिलिंडर घेऊन माणूस पहिल्यांदा आला तेव्हा मी तिथंच होते. मिलिंदनं सिलिंडरकडं बघितलं, जुना ओळखीचा भेटावा तसं. लोखंड कापायला हाच गॅस तो वापरायचा. "वैनी, आयुष्यभर ह्यानं लोखंड कापलं. आता हा मला जोडायला आलाय." त्या माणसानं जोडणी केली आणि निघाला, तर ह्यानं त्याला थांबवलं. सुजाताला वाटीत साबणाचा फेस करायला लावला, आणि बोटानं तो फेस जोडणीवर लावून, धापा टाकत, बघत बसला. एक बुडबुडा आला. "गळतंय बघ," त्या माणसाला म्हणाला, "पुन्हा आवळ. दुसऱ्याच्या घरात असं सोडून जाऊ नगंस." त्या माणसानं निमूटपणे आवळलं.

रविवारी संध्याकाळी मी त्याच्याकडं गेले होते, तीच शेवटची भेट. बोलणं तुटक झालं होतं. तीन शब्द, मग श्वास. मी निघताना म्हणाला, "उद्या टाकी?" मी म्हटलं, "हो, दगड बोथटलेत." थोडा थांबला. "सोमवारी... नका लावू." मी म्हटलं, "का? सोमवारीच तर लावते मी." म्हणाला, "सोमवारी लाईट न्हाय. पंखा न्हाय. दगडाची धूळ... पिठापेक्षा वाईट. मंगळवारी लावा. पंखा लावून." मी म्हटलं, "मंगळवारी गिऱ्हाईक असतंय, भावजी. गिरणी बंद ठेवून कसं चालेल?" त्यानं माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, आणि हसला. मी जे त्याला इतकी वर्षं सांगत आले, ते त्यानं एका वाक्यात मला परत केलं होतं, आणि मी त्याचंच उत्तर त्याला दिलं होतं. हे मला घरी पोचेपर्यंत कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सोमवारी मी दगड उघडले.

मिलिंदच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, मी गिरणी चालू केली. वरचा दगड धारदार, खालचा बोथट, अशा जोडीवर दळत होते. पीठ जाडं यायचं. बायका बोटांत पीठ चोळून बघायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि डबा उचलून जायच्या. ती म्हातारी तेवढी म्हणाली, "भाकरी मोडतीया ग." मी म्हटलं, "लावते टाकी." सोमवार यायचे आणि जायचे. छिन्नी फळीवर तशीच होती.

शेड भाड्यानं द्यायची असं सुजातानं ठरवलं. बरोबरच होतं, तिला दुसरं उत्पन्न नाही. आजऱ्याकडचा सर्जेराव नावाचा एक माणूस आला, तिशीतला, कामाला हुशार दिसला. एका सोमवारी शेड दाखवायला आम्ही दोघी जावा गेलो. शटर वर केलं. पत्र्यांच्या आतल्या बाजूला, भिंतींवर, सगळीकडं काळं बसलेलं होतं. बोट फिरवलं तर बोटाला लागलं. सर्जेरावनं सगळीकडं बघितलं, खिडकीजवळ गेला, वेल्डिंगवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. "काय काम केलंय ओ! कुणी मारलंय हे?" सुजाता म्हणाली, "आमच्या मालकांनी." तो म्हणाला, "झ्याक. ऱ्हाऊ दे हाय तसंच, मावशी. वाऱ्यानं काम बिघडतंय."

मी तोंड उघडणार होते. पण सुजाताच बोलली. नवऱ्यामागं इतके दिवस ती कुणाशी मोठ्यानं बोलली नव्हती. म्हणाली, "फुकायचं न्हाय, वडायचं. अक्काच्या गिरणीत लावलंय तसं करून घे. जाऊन माप घे. ते बसल्याशिवाय मशिन चालू करायचं न्हाय, आणि ही खिडकी उघडल्याशिवाय किल्ली मिळायची न्हाय." सर्जेराव माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "माझ्याकडं काय बघता, पावणं? मालकीण ती आहे."

खिडकी उघडायला आम्ही तिघंही भिडलो. सर्जेरावची पहार लावून झाली. मी गिरणीतून माझी छिन्नी-हातोडी आणली आणि वेल्डिंगवर घाव घातले; पत्रा वाकला, छिन्नीचं तोंड बोथट झालं, वेल्डिंग तसंच. सुजाता मागे उभी होती. मला वाटलं रडतेय, म्हणून वळून बघितलं तर पदर तोंडाला लावून हसत होती. "अक्का, त्यांचं काम हाय ते. न्हाय सुटायचं." लाईट नव्हती, ग्राइंडर चालणार नव्हता, आणि मला ते काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं नव्हतं, टाकलेल्या कामांचं काय होतं ते आम्ही बघितलं होतं. शेजारच्या बांधकामावरचा गवंडी बोलावला. त्यानं चौकटीच्या कडेनं भिंत फोडली आणि अख्खी खिडकी, झडपा, दांडी, वेल्डिंग, सगळ्यासकट बाहेर काढली. भिंतीला मोठं भगदाड पडलं. पश्चिमेचा वारा आत आला आणि जमिनीवरची काळी भुकटी सरकत सरकत शटरमधून रस्त्यावर गेली. ती खिडकी आता सुजाताच्या अंगणात भिंतीला टेकवून उभी आहे. भंगारवाला विचारून गेला. ती म्हणाली, "न्हाय द्यायची."

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळी मी गिरणीच्या दाराला "आज बंद" अशी पाटी लावली. ती म्हातारी डबा घेऊन आली होती, तिला म्हटलं, "उद्या या, आज टाकी." छिन्नीला धार लावून घेतली. दगड उघडले, नाकाला फडका बांधला, नरसाळं खाली ओढून खालच्या दगडाशी आणलं आणि पंख्याचं बटण दाबलं. पहिला घाव घातला. धूळ उठली, वळली, आणि नरसाळ्यात गेली.